वही कोरी दिसते, मग केजीत मूल शिकतं तरी काय?

जून-जुलै उलटला की ज्युनिअर-सीनिअर केजीच्या पालकांमध्ये एक विचारणा हमखास सुरू होते. शेजारच्या शाळेत पन्नासपर्यंत अंक लिहून झाले, आपल्याकडे अजून उभ्या-आडव्या रेघाच कशा चालल्यात? मुलाला "आज काय शिकवलं?" विचारावं तर उत्तर येतं, "काही नाही, खेळलो." वही उघडावी तर दोन पानं रंगवलेली आणि एका पानावर चिकटवलेली मसूरडाळ. फी भरलेली असते, पहिलीची धास्ती असते, त्यामुळे काळजी वाटणं साहजिक आहे. पण चार-पाच वर्षांच्या मुलाचं जे शिकणं चालू असतं, त्यातलं फारच थोडं वहीत उमटतं. मसूरडाळ चिकटवणं हाही अभ्यासच आहे. तो कशाचा अभ्यास, हे कळलं की घरी काय करायचं आणि काय टाळायचं हेही उलगडतं.

आधी अपेक्षेबद्दल बोलू, कारण बहुतेक ताण तिथूनच येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला. म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हा सलग पाच वर्षांचा टप्पा आहे, आणि केजी संपताना मुलाचं वाचन-लेखन पूर्ण झालेलं असावं असं त्यात कुठेही गृहीत धरलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या, मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात ५ ते ६ वयोगटासाठी, म्हणजे आपल्या सीनिअर केजीसाठी, लक्ष्यं दिली आहेत. अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचावेत, १० पर्यंतचे अंक ओळखून वाचावेत, वस्तू, आकार किंवा संख्या क्रमाने लावाव्यात. बस. ९९ पर्यंत संख्या वाचणं-लिहिणं हे पहिलीच्या अखेरचं लक्ष्य आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तर ३ ते ६ वयाच्या मुलांना ठरावीक पाठ्यपुस्तक नकोच असं सांगतो. तेव्हा सीनिअर केजीतलं मूल सदतीसवर अडखळत असेल, तर ते मागे पडलेलं नाही. त्याला वेळेच्या आधीचं काम दिलं गेलं आहे.

वयाचा हिशेबही डोक्यात ठेवा. महाराष्ट्रात प्रवेशासाठी ३१ डिसेंबरची तारीख धरतात. त्यामुळे एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेलं मूल शेजारी-शेजारी बसतं. चाळिशीतल्या माणसांत अकरा महिन्यांचा फरक कुणाला कळतही नाही, पण साडेचार वर्षांच्या मुलासाठी तो आयुष्याचा जवळजवळ पाचवा भाग असतो. नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल बटण लावायला, ओळीत उभं राहायला, पेन्सिल धरायला उशीर लावतं. त्याची तुलना वर्गातल्या इतरांशी करण्याऐवजी सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याच कामाशी करा. त्यासाठी दर दोन महिन्यांनी त्याचं एक चित्र तारीख घालून जपून ठेवा. प्रगतिपुस्तकात न दिसणारी वाढ त्यात दिसते.

हात तयार होण्याआधी पेन्सिल

लिहिणं हे बोटांचं काम वाटतं, पण त्याची सुरुवात खांद्यापासून होते. लहान मूल आधी अख्खा हात हलवून रेघोट्या मारतं, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि सगळ्यात शेवटी बोटांतून. पेन्सिलची पकडही तशीच बदलत जाते. आधी ती मुठीत असते, मग चार-पाच बोटांनी धरली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत सैलसर धरून फक्त बोटं हलवणं बहुतेक मुलांना साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमतं. कुणाचं कधी जमेल, हे सक्तीने ठरत नाही.

अक्षर लिहायला मूल तयार आहे का, हे आकारांवरून चांगलं कळतं. बघून काढायला सांगितल्यावर गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो. अधिकचं चिन्ह चौथ्या वर्षी, चौकोन साडेचारच्या आसपास, त्रिकोण पाचच्या पुढेमागे आणि शंकरपाळ्याचा आकार सहा-सात वर्षांचं झाल्यावर. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. आता देवनागरी अक्षरांकडे बघा. 'र' मध्ये तिरकी रेघ, 'क' मध्ये दोन्ही बाजूंना वळण, 'अ' मध्ये दोन अर्धगोल, त्यांना जोडणारी आडवी रेघ आणि शिवाय काना. ज्याला अजून त्रिकोण जमत नाही त्याच्याकडून 'अ' ची दोन पानं लिहून घेतली, तर तो 'अ' लिहीत नसतो. एक अवघड चित्र चाळीस वेळा काढत असतो, आणि त्यात दर वेळी निराळीच चूक पक्की होत जाते.

हाताची तयारी घरात फुकट होते. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेचे छोटे गोळे करणं, दोरीवरचे कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं, बोथट टोकाच्या कात्रीने जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं. मटाराच्या शेंगेला अंगठ्याने दाब द्यावा लागतो आणि दुसऱ्या हाताने ती धरावी लागते. पेन्सिल आणि कागद धरतानाही दोन्ही हातांचं असंच वाटप असतं. डाळ चिकटवण्याचं पान इथेच येतं. एकेक दाणा चिमटीत धरून नेमक्या जागी ठेवणं म्हणजे डोळा आणि बोट यांचा मेळ, आणि शाळा तो मुद्दाम करून घेत असते. ठिपक्यांची रांगोळी तर उत्तम सराव आहे. तीन बाय तीन ठिपके पाटीवर काढून द्या आणि मुलाला ते हवे तसे जोडू द्या. तिरक्या रेघा आपोआप येतात.

आणखी दोन गोष्टी फार उपयोगी पडतात. खडूचे किंवा क्रेयॉनचे दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे द्या. तुकडा इतका लहान असला की तो मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांत धरावाच लागतो. न रागावता पकड सुधारते. दुसरं, उभ्या पृष्ठभागावर काढू द्या. कपाटाच्या दारावर किंवा भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला मोठा कागद चिकटवा. उभ्याने काढताना मनगट मागच्या बाजूला झुकतं आणि खांदा बळकट होतो. टेबलावरच्या लिखाणाला या दोन्हींची गरज असते. पाटीचाही इथे फायदा आहे. पेन्सिल पाटीवर किंचित घासते, त्यामुळे हाताला रेघ कुठे चालली ते जाणवतं, आणि चुकलं तर पुसून टाकता येतं.

बोर्डी या गावी १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पानं, दगड असं भोवतालचंच साहित्य वापरलं. चार हजारांचा लाकडी संच घ्यायला निघालेल्या पालकांनी आधी आपल्या स्वयंपाकघरातले डबे उघडावेत.

शाळेने लिहिण्याचा गृहपाठ दिलाच असेल तर? एक ओळ बसून करून घ्या आणि मुलाकडे नीट लक्ष द्या. पहिली दोन अक्षरं बरी येतात, तिसऱ्यापासून हात आखडतो, पाचव्याला पेन्सिलचं टोक मोडतं किंवा कागद फाटतो. बोटांची टोकं पांढरी पडलेली दिसली, मूल सारखं हात झटकू लागलं, की थांबा. दहा मिनिटांच्या वर ताणू नका. राहिलेल्या ओळी स्वतः लिहून भरू नका. वहीत दोन ओळींची टीप लिहा, "एवढं केल्यावर हात दुखू लागला." बहुतेक शिक्षिका ते समजून घेतात. पानभर लिखाणापेक्षा दोन सवयींकडे लक्ष द्या. प्रत्येक रेघ वरून खाली, डावीकडून उजवीकडे आणि वरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी. खालून वर अक्षर काढायची सवय एकदा बसली की पहिलीत ती मोडायला फार कष्ट पडतात.

उलट्या अक्षरांची भीती मनातून काढून टाका. कप कान डावीकडे करून ठेवला काय नि उजवीकडे, तो कपच असतो, हे मूल जन्मल्यापासून शिकत आलेलं असतं. दिशा बदलली की वस्तू बदलते, असं त्याला अक्षरांत आणि अंकांतच पहिल्यांदा भेटतं. म्हणून ३ उलटा, ६ उलटा, नावातलं एखादं अक्षर आरशातल्यासारखं असं सातव्या वर्षापर्यंत होत राहतं. न ओरडता शेजारी बरोबर लिहून दाखवा, तेवढं पुरतं. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. त्याचा कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याचा धक्का लागत नाही.

वाचन कानातून सुरू होतं

'क कमळाचा, ख खटाऱ्याचा' घडाघडा म्हणणारं मूल वाचायला लागलं असं आपल्याला वाटतं. एक छोटी तपासणी करा. तक्त्यावरचं कमळाचं चित्र हाताने झाका आणि अक्षर विचारा. पुष्कळ मुलं गप्प होतात. ती चित्र वाचत असतात किंवा पाठ असलेली चाल म्हणत असतात. अक्षर वाचायचं तर शब्द आवाजांचा बनलेला असतो हे आधी कानाला कळायला हवं, आणि त्यासाठी पुस्तक लागत नाही.

सुरुवात यमकांनी करा: गाडी-माडी-साडी, आणखी सांग. मग टाळ्या. प्रत्येक तुकड्याला एक टाळी: का-का, बाद-ली. 'कागद' ला काही मुलं दोन टाळ्या वाजवतील, काही तीन. दोन्ही चालतं. बोलताना आपण 'का-गद' असंच म्हणतो, लिहिताना मात्र अक्षरं तीन होतात. बोलण्याप्रमाणे दोन टाळ्या देणाऱ्या मुलाचा कान चांगला आहे, त्याला चूक म्हणू नका. त्यानंतर पहिला आवाज: "घरात म पासून सुरू होणारं काय काय आहे?" मीठ, माठ, मांजर, मावशी. मीठ 'मी' पासून सुरू होतं असं मूल म्हणालं तर तेही बरोबर माना. शेवटचा आवाज ओळखणं सगळ्यात अवघड, आणि त्यासाठी आपल्याकडे भेंड्या आहेत. गाण्यांच्या राहू देत, गावांच्या, भाज्यांच्या, नातेवाइकांच्या नावांच्या भेंड्या खेळा. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, भाकरी भाजता भाजता.

कान तयार झाला की अक्षरं. इथे बहुतेक घरांत 'अ ते ज्ञ' या क्रमाने सुरुवात होते. तो क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे आणि व्याकरणात फार सुंदर आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला त्यातून महिनोन्महिने एकही शब्द वाचता येत नाही. त्यापेक्षा म, क, न ही तीन अक्षरं आणि काना एवढंच घ्या. मन, मान, कान, नाक, काम, मका, मामा, काका, नाना, एवढे शब्द लगेच तयार होतात. त्यातून 'काका, नका' असं अख्खं वाक्य मूल आठ-दहा दिवसांत वाचू शकतं. आपण वाचलं, हा आनंद त्याला पुढच्या अक्षराकडे ओढून नेतो. आठवड्याला दोन नवी अक्षरं पुरे.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आणू नका: घ-ध, भ-म, ब-व, प-ष. जुना 'ग म भ न' हा गट हाताच्या वळणाच्या सोयीचा आहे, पण त्यात म आणि भ शेजारी येतात आणि वाचताना गोंधळ होतो. लिहायला सोपा गट वाचायलाही सोपा असेलच असं नाही. र्‍हस्व वेलांटी मुद्दाम मागे ठेवा. 'कि' मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि तोंडाने आधी क म्हणावा लागतो. बोट ठेवून डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मुलाला हा उलटा खेळ कळायला वेळ लागतो. जोडाक्षरांचा तर या वयात विचारही नको.

या सगळ्याच्या बरोबरीने रोज दहा-पंधरा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर तेच वाचा. पाचव्या वेळी मूल पुढचं वाक्य स्वतः म्हणू लागतं, आणि छापलेल्या शब्दांना ठरलेला अर्थ असतो, ते दर वेळी तेच सांगतात, हे त्याला तेव्हाच पटतं. वाचताना अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा. "आता काय होईल?" "त्याला राग का आला असेल?" असं विचारा आणि उत्तराला वेळ द्या, मनात पाच मोजा. आपण मोठी माणसं दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो, हीच इथली सगळ्यात मोठी चूक.

किती, असं विचारून बघा

शंभरपर्यंत अंक म्हणता येणं आणि मोजता येणं यांत बरंच अंतर आहे. आठ चिंचोके फरशीवर विखरून ठेवा आणि किती आहेत विचारा. मुलाचं बोट एका वेगाने धावतं, तोंड दुसऱ्या वेगाने, एखादा चिंचोका दोनदा मोजला जातो, आणि उत्तर दहा येतं. आता त्याला मोजलेला चिंचोका बाजूला सरकवायला सांगा. एक वस्तू, एक शब्द, ही पहिली पायरी अशी पक्की होते. मोजून झाल्यावर लगेच विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलं तर शेवटी म्हटलेली संख्या म्हणजे सगळ्यांची संख्या, हे त्याला अजून कळलेलं नाही. तिसरी पायरी याहून अवघड: ढिगातून "मला पाच दे." पाच म्हटल्यावर थांबायचं, हे लक्षात ठेवावं लागतं. ती जमली की आठ चिंचोके लांब लांब पसरवून विचारा, आता जास्त झाले का? सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं हो म्हणतात. तर्काने समजावत बसू नका, पुन्हा मोजायला लावा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके-मणी वापरून लगेच डब्यात ठेवा. ते तोंडात, नाकात जातात.

फासे, पत्ते, सापशिडी यांतून फाशावरचे चार ठिपके न मोजता ओळखणं येतं, आणि ते बेरजेचं बीज आहे. ताटं मांडायला सांगा: "आज आजी जेवायला आहे, मग ताटं किती?" यात बेरीज आहे आणि तिला कारणही आहे.

दोन अंकी संख्यांची अडचण मुलाची नाही, आपल्या संख्यानामांची आहे. ऐकू येतं 'बावन्न', म्हणजे आधी दोन आणि मग पन्नास, पण लिहायचं आधी ५ आणि मग २. म्हणून मूल २५ लिहितं. 'एकोणतीस' मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कुणी काहीही म्हणो, मुलांची अडचण खरी आहे. १० पर्यंतचं मोजणं पक्कं झाल्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. दोन गठ्ठे आणि सुट्या तीन म्हणजे तेवीस. गठ्ठा हातात घेतलेलं मूल २३ आणि ३२ मध्ये फारसं फसत नाही. आणखी एक: देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, ७ हा उलट्या इंग्रजी सहासारखा. शाळेत जे अंक चालतात तेच आधी पक्के होऊ द्या, दुसरे काही महिन्यांनी आणा.

इंग्रजी माध्यम आणि घरातली मराठी

मूल इंग्रजी शाळेत घातलं म्हणून घरात मोडकीतोडकी इंग्रजी सुरू करणाऱ्या पालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: हे करू नका. जी भाषा आपल्याला सहज येत नाही, तिच्यात आपण मुलाशी फक्त हुकमांत बोलतो. कम, सिट, ईट, फास्ट. गोष्ट, कारण, गंमत, आठवण, सगळं गळून जातं. कमी-जास्त, आधी-नंतर, च्या मागे, च्या ऐवजी, म्हणून, नाहीतर, या कल्पना मूल आपल्या भाषेत शिकतं, आणि एकदा कळलेल्या कल्पनेला इंग्रजीतला शब्द चिकटवणं सोपं असतं. कल्पनाच नसेल तर शब्द पाठ होतो आणि अर्थ कळत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण सुचवलं आहे. शाळा इंग्रजी असेल तर निदान घर तरी मराठीने समृद्ध ठेवा. बंगळुरूत किंवा परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनाही हेच लागू. आजी कोकणीत किंवा अहिराणीत बोलत असेल तर तिला थांबवू नका. वेगवेगळ्या माणसांशी वेगळ्या भाषेत बोलणं मुलांना सहज जमतं. इंग्रजीसाठी रोज एक छोटं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं तरी या वयात पुरतं.

बाकी दिनक्रमाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप, दिवसभरात तीन तास हालचाल आणि स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नाही. रात्री अकराला झोपणारं मूल सकाळी वर्गात चिडचिडं असतं, आणि 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळतो. डबा स्वतः उघडता येणं, चप्पल-बूट घालता येणं, शौचाला जायचंय हे सांगता येणं, ही केजीची खरी तयारी. डब्याचं झाकण घट्ट असेल तर मूल सुट्टीभर उपाशी बसतं आणि कुणाला सांगत नाही. नवा डबा घेतलात तर तो घरी त्याच्याकडून दहा वेळा उघडून घ्या.

"काय शिकवलं?" ला उत्तर मिळत नाही, कारण प्रश्न फार मोठा आहे. "आज कुणाशेजारी बसलास?" "बाईंनी कुठलं गाणं घेतलं?" "कशाचं हसू आलं?" असं विचारा, आणि तेही घरात शिरल्या शिरल्या नको, खाऊ खाल्ल्यावर. पालकसभेतही मार्कांचं विचारून फारसं हाती लागत नाही. शिक्षिकेला किंवा अंगणवाडी ताईंना विचारा: खेळताना कुणाबरोबर असतो? दोन कामं एकदम सांगितली तर लक्षात राहतात का? अडलं तर मदत मागतो की गप्प बसतो? रागावला तर किती वेळाने शांत होतो? घरी गडबड्या असलेलं मूल शाळेत मुकं असू शकतं आणि उलटही. दोन्हीकडचं चित्र जोडलं तरच मूल नीट दिसतं.

वाट न बघता कधी दाखवावं

वरच्या बहुतेक गोष्टींत थांबणं हाच उपाय आहे. काही बाबतींत मात्र थांबू नये. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसाला बहुतांशी समजायला हवं. र, ळ, श हे आवाज सहा-सात वर्षांपर्यंत बोबडे राहू शकतात, पण वाक्यंच बनत नसतील तर दाखवा. पाच वर्षांचं होऊनही "पिशवी ठेव आणि हात धुऊन ये" एवढं लक्षात राहत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, इतर मुलांत रस घेत नसेल, किंवा आधी येत असलेलं काही येईनासं झालं असेल, तर लगेच दाखवा.

सगळ्यात आधी कान आणि डोळे तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि काही आठवडे ऐकू कमी येतं. ते मूल हट्टी किंवा बेफिकीर वाटतं, त-थ आणि प-ब असे जवळचे आवाज गोंधळतं, टीव्ही मोठा लावतं. चष्म्याची गरज असलेलं मूल तर तक्रारही करत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. डोकं कलतं करून बघणं, पुस्तक नाकाशी धरणं, एक डोळा मिचकावणं, या खुणा शिक्षिकेच्या नजरेला आधी पडतात, म्हणून त्यांनाही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे श्रवण, वाचा आणि विकासाची तपासणी व उपचार मोफत असतात. जाताना लसीकरणाचं कार्ड, तारखा घातलेली ती जपलेली चित्रं, आणि मुलाचं घरातलं बोलणं रेकॉर्ड केलेली मोबाइलवरची दोन-तीन मिनिटं सोबत न्या. दवाखान्यात मूल तोंड उघडत नाही, तेव्हा तपासणाऱ्याला त्या रेकॉर्डिंगचाच उपयोग होतो.